माजिवडा नाक्यावर सुपरहीरो अडकला तर? नव्या विज्ञानकथेचे बीज सापडते कुठे?

संध्याकाळचे सात वाजलेत. माजिवडा नाक्यावर मुंबईहून आलेली वाहने, नाशिककडे निघालेली वाहने आणि घोडबंदरला वळू पाहणारी रांग एकमेकांत गुंतली आहे. त्यात जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, टीएमटीची बस, रिक्षा आणि थंड होत चाललेली बिर्याणी पाठीवर घेतलेला डिलिव्हरी बॉय. डोक्यावर उड्डाणपूल, शेजारी मेट्रो-४ चे खांब.

आता या गर्दीत एक सुपरहीरो सोडून द्या. तो काय करेल?

‘उडून जाईल’ हे उत्तर सगळ्यांनाच सुचते. अडचण एवढीच की, हे उत्तर सुपरमॅनच्या जुन्या कॉमिकपासून वापरात आहे. विज्ञानकथा किंवा सुपरहीरोची गोष्ट लिहायला बसलेल्या प्रत्येकाची गाडी इथेच अडते. जे सुचते ते कुठेतरी पाहिलेले, वाचलेले असते.

कल्पनांचा दुष्काळ की महापूर?

खरे तर महापूर. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या नावाजलेल्या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या कथा स्वीकारणे काही काळ थांबवले. कारण, एआयकडून लिहून घेतलेल्या कथांचा ढीग संपादकांपुढे येऊन पडला होता. त्याच वर्षी आलेला ‘द मार्व्हल्स’ हा चित्रपट मार्व्हलच्या मालिकेत सर्वांत कमी कमाई करणारा ठरला. प्रेक्षक सुपरहीरोंना कंटाळले का, यावर वाद होऊ शकतो. पण अंगठी, हातोडा किंवा कोळ्याचा दंश बदलून तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर ती लोकांच्या लक्षात येते, यावर फारसा वाद नाही.

चॅटबॉटला ‘मराठी विज्ञानकथेसाठी दहा कल्पना दे’ असे सांगून पाहा. भावना जागृत झालेला रोबो, काळयंत्रातून थेट शिवकाळात गेलेला इंजिनीअर आणि गावाच्या विहिरीत पडलेले परग्रहयान यांपैकी काहीतरी हमखास येईल. यंत्राचा त्यात फारसा दोष नाही. आधी लिहिले गेलेले वाचूनच ते शिकते, त्यामुळे सर्वांत जास्त वापरलेली वाट त्याला सर्वांत जवळची वाटते. माजिवड्याच्या सोसायटीत पाहुण्याची गाडी कुठे लावायची यावरून काय काय होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मग सुरुवात कुठून करायची?

अमेरिकी विज्ञानकथाकार आणि संपादक फ्रेडरिक पोल यांच्या नावावर एक सूत्र सांगितले जाते. मोटारीचे भाकीत कुणीही करेल, चांगली विज्ञानकथा वाहतूककोंडीचे भाकीत करते, असा त्याचा आशय आहे. शोध ही गोष्टीची फक्त पहिली पायरी असते. गोष्ट घडते ती त्या शोधामुळे माणसांची जी पंचाईत होते तिच्यात.

ठाणेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. समजा, उडत्या टॅक्सी आल्या. हा शोध झाला, कथा अजून झालेली नाही. आता पुढचा प्रश्न विचारा. टॅक्सी उतरणार कुठे? इमारतीच्या गच्चीवर. गच्ची कुणाची? सोसायटीची, सगळ्यांच्या मालकीची. तिथे आधीच पाण्याच्या टाक्या आहेत, सोलर पॅनेल आहेत, एखाद्या कोपऱ्यात मोबाइल टॉवर आहे, मे महिन्यात पापडही वाळतात. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणणार, आवाज आमच्या डोक्यावर, तर उतरण्याचा पहिला हक्कही आमचा. तळमजल्यावरचे म्हणणार, लिफ्टचा मेंटेनन्स आम्हीही भरतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत खुर्च्या सरकतील. आणि एका रात्री चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना हृदयविकाराचा झटका येईल, हवाई रुग्णवाहिका वर घिरट्या घालत राहील आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात लोणावळ्याला गेलेली असेल.

यातला एकच घटक काल्पनिक आहे. बाकीचे सगळे लोकांनी पाहिलेले आहे. म्हणूनच वाचक त्या एका घटकावरही विश्वास ठेवतो.

मराठीत हे आधी कुणी केले आहे का?

केले आहे, आणि मोठ्या ताकदीने. ते जयंत नारळीकरांनी केले, आणि त्यांच्या लेखनाची सुरुवातही एखाद्या कथेसारखीच झाली. १९७४ मध्ये अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना त्यांनी हाताशी असलेल्या कागदांवर विज्ञानकथा लिहायला घेतली. ती ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ती पाठवताना त्यांनी आपले नाव लपवले. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतले. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा हेतू. जगतापांना पहिले बक्षीस मिळाले.

पण नव्या लेखकांनी अभ्यासावी अशी त्यांची कथा म्हणजे ‘उजव्या सोंडेचा गणपती’. माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन परत येतो, ही कल्पना नवी नव्हती. एच. जी. वेल्सने १८९६ मध्येच ‘द प्लॅटनर स्टोरी’त एका शिक्षकाचे हृदय डावीकडून उजवीकडे नेले होते. त्यामागचे गणितही जुनेच. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या, एक अर्धा पीळ द्या, टोके चिकटवा. ही झाली मोबियसची पट्टी. तिच्यावर ‘क’ हे अक्षर सरकवत एक फेरी पूर्ण केली की ते उलटे होऊन परत येते. दोन मितींतल्या अक्षराचे जे होते, ते जास्त मितींच्या अवकाशात माणसाचे का होऊ नये?

इथवरचे सगळे वेल्सकडेही होते. त्याच्याकडे नव्हती ती गणपतीची सोंड. आपल्या घरातल्या बहुतेक मूर्ती डाव्या सोंडेच्या असतात, उजव्या सोंडेचा गणपती दुर्मीळ आणि कडक सोवळ्याचा मानला जातो. म्हणजे डावे-उजवे हा फरक मराठी घरात आधीच महत्त्वाचा आहे. भूमितीतला कोरडा प्रश्न नारळीकरांनी देव्हाऱ्यात आणून ठेवला आणि कल्पना नव्याने जन्मल्यासारखी झाली. वेल्सच्या वाचकाला शिक्षकाचे हृदय कुठे आहे हे डॉक्टरने सांगावे लागते. मराठी वाचकाला मूर्तीकडे पाहताक्षणी कळते की काहीतरी भलतेच घडले आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथाही अशीच. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर, एवढा एकच बदल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकच्या धडकेनंतर त्या पर्यायी जगात पोहोचतात. अकरावीच्या एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ पुस्तकात या कथेचे इंग्रजी रूप ‘द अॅडव्हेंचर’ म्हणून आहे. त्यात ते पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. गाडी कल्याण मागे टाकते, लांब बोगद्यातून बाहेर येते आणि एका छोट्या स्थानकात थांबते. नाव सरहद. इथून पुढे ब्रिटिशांचे राज्य, परवाने दाखवा!

कल्याणनंतरचा लांब बोगदा म्हटले की रोज या मार्गाने जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पारसिकचाच बोगदा येणार. १९१६ पासून वापरात असलेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. त्यातून बाहेर पडताना हिंदुस्थानची सीमा ओलांडल्याची कल्पना करून पाहा. उद्या सकाळचा प्रवास वेगळा वाटेल. डोंबिवली-ठाणे पाससोबत व्हिसा मागितला असता तर किती जणांची नोकरी टिकली असती, हीसुद्धा एक स्वतंत्र कथा आहे.

सुपरहीरोला शक्ती द्यायची कोणती?

इथे भारतीय लेखकांची एक सवय आड येते. परदेशी नायकाला देशी कपडे घालायचे आणि झाले. २००४ मध्ये भारतीय स्पायडर-मॅनचा कॉमिक आला. नायक पवित्र प्रभाकर, शहर मुंबई, कमरेला धोतर आणि शक्ती कोळ्याऐवजी एका योग्याकडून. बाकी कथानकाचा सांगाडा ओळखीचाच होता. तोच पवित्र २०२३ च्या ‘अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून रचलेल्या ‘मुंबॅटन’मध्ये दिसला तेव्हा जास्त भावला. त्याच्या ओळखीच्या प्रसंगात वाहतूककोंडीवर विनोद आहे, हा काही योगायोग म्हणता येणार नाही.

मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (२०२१) त्याहून पुढे गेला. छोट्या गावातला शिंपी आणि चहाच्या दुकानात काम करणारा एक माणूस, दोघांवर एकाच रात्री वीज पडते. शक्ती सारखीच मिळते. एकाला परदेशी जाऊन पैसे कमवायचे आहेत, दुसऱ्याला वर्षानुवर्षे मनात ठेवलेली स्त्री हवी आहे. गावाने ज्याला कायम हिडीसफिडीस केले तो खलनायक का होतो, हे प्रेक्षकाला पटते. वीज कशी पडली याची चौकशी कुणी करत नाही.

तेव्हा शक्ती शोधण्याआधी माणूस शोधावा, आणि त्याचे काम नीट पाहावे. रेल्वेत की-मन नावाचा कर्मचारी असतो. आपल्या वाट्याच्या रुळांवरून तो रोज चालतो, सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकून घट्ट करतो, तडा दिसला तर गाडी थांबवतो. समजा, दिव्याच्या एका की-मनला रुळाला तडा जाण्याच्या तासभर आधी तो ऐकू येऊ लागला. शक्ती छोटी आहे, पण हजारो जिवांशी जोडलेली आहे. आता तिची किंमत ठरवा. त्याला सगळेच रूळ ऐकू येतात, रात्रंदिवस. घर रुळांलगत, भाडे परवडते ते तिथेच, आणि झोप कायमची गेलेली. शिवाय अजून न पडलेल्या तड्यासाठी ऐन गर्दीच्या वेळी लोकल थांबवली, तर वरिष्ठांना कारण काय सांगायचे? तडा पडलाच नाही तर त्याच्यावर कारवाई, आणि तडा पडेपर्यंत तो वाट पाहू शकत नाही. या माणसाला पोशाख आणि मुखवटा द्यायची गरज नाही. नारिंगी जॅकेट रेल्वेने आधीच दिले आहे.

बातमीतून विज्ञानकथा निघते का?

निघते, फक्त बातमीचा पहिला अर्थ टाकून द्यावा लागतो. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याची बातमी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. रसायनात भिजून कुणाला तरी महाशक्ती मिळाली, ही पहिली सुचणारी कल्पना. ती सोडून द्या, अमेरिकी कॉमिकमध्ये तिचा चोथा झाला आहे.

दुसरी, तिसरी पायरी गाठून पाहा. समजा, रंगांची लोकांना सवय झाली. सकाळी हवामानासोबत नाल्याच्या रंगाचाही अंदाज येतो. निळा असेल तर शाळा भरते, गुलाबी असेल तर खिडक्या बंद. बिल्डर जाहिरातीत ‘फक्त हिरवा पट्टा’ असे छापतो आणि ग्राहकांना ती झाडे वाटतात. सातवीतली एक मुलगी वहीत रोजचा रंग लिहून ठेवते आणि तिच्या लक्षात येते की, ठरावीक क्रमाने चार रंग आले की पाचव्या दिवशी एखाद्या कारखान्यात स्फोट होतो. आज चौथा रंग आला आहे. वडील त्याच पाळीला कामावर निघाले आहेत, आणि गैरहजर राहिले तर पगार कापला जातो.

डोंबिवलीने स्फोट पाहिले आहेत, माणसे गमावली आहेत. त्यामुळे ही कथा लिहिताना जपून लिहावे लागेल. पण तिथल्या मुलांच्या भविष्याची गोष्ट तिथल्याच कुणी लिहिली नाही, तर ती जाहिरातीतल्या टॉवरच्या चित्रातूनच सांगितली जाईल.

असे आणखीही आहे. येऊरच्या जंगलाखालून बोरिवलीपर्यंत सुमारे १० किलोमीटरचे जुळे बोगदे होणार आहेत. बुलेट ट्रेनसाठी ठाणे खाडीखालून ७ किलोमीटरचा बोगदा आखला आहे. वर बिबटे आणि फ्लेमिंगो, खाली माणसे. बोगद्यात अनोळखी जीव सापडतो, ही कथा कुणीतरी लिहिणारच. बोगद्यामुळे वरच्या बिबट्यांना खालची पावले ऐकू येऊ लागली, तर?

कल्पना कुणी चोरली तर?

नवोदितांची ही भीती मोठी असते. कायदा इथे स्पष्ट आहे. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले की, नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर कॉपीराइट नसतो. तो असतो कल्पनेच्या मांडणीवर. त्यामुळे ‘ठाण्यात उडत्या टॅक्सी’ हा विषय कुणाचाही होऊ शकतो. सेक्रेटरी, किल्ली, लोणावळा आणि ते आजोबा ज्याने लिहिले, ते त्याचे. म्हणून कल्पना लपवून ठेवण्यापेक्षा ती तपशिलासह लिहून काढणे जास्त सुरक्षित.

लिहिल्यावर पाठवायची कुठे? दिवाळी अंकांकडे, पण ऑक्टोबरात नव्हे. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. दुसरा पत्ता शीव-चुनाभट्टीच्या विज्ञान भवनाचा. जगतापांची कथा ज्यांनी निवडली, त्या मराठी विज्ञान परिषदेचे कार्यालय तिथेच आहे.