जर्मन हेल्मेट कसे ओळखावे: आधी पत्रा, मग चिन्ह

डीप ड्रॉइंग शिकताना आपण पातेले, स्वयंपाकघरातले सिंक, मोटारीची इंधनटाकी ही उदाहरणे नेहमी घेतो. या टिपणात वेगळे उदाहरण घेऊ: दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकाचे पोलादी हेल्मेट. जगभर त्याचे संग्राहक आहेत, किमती चढ्या आहेत आणि म्हणूनच नकलांचा सुळसुळाट आहे. नवखा माणूस हेल्मेट हातात घेताच बाजूवरचे चिन्ह पाहतो. तुम्ही ते सर्वांत शेवटी पाहा. का, ते पुढे कळेल.

मी राहतो त्या इन्नंबूरपासून स्वामिमलई अगदी जवळ आहे. तिथले मूर्तिकार मेणाचा साचा वापरून पंचधातूची मूर्ती ओततात. मूर्ती बाहेर काढताना मातीचा साचा फोडावा लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकमेव. हेल्मेटचे नेमके उलटे. एक मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी पत्रा डाय आणि पंच यांच्यामध्ये टप्प्याटप्प्याने दाबायचा, कारण एवढी खोली एकाच दाबात घेतली तर पत्रा फाटेल किंवा त्याला सुरकुत्या पडतील. आकार आला की कडा कापायची, छिद्रे पाडायची आणि मग उष्णता देऊन पोलाद कठीण करायचे. एका साच्यातून हजारो सारखे नग निघतात. त्यामुळे ओळख पटते ती कारागिराच्या हातावरून नाही, तर कोणती क्रिया केली आणि कोणती गाळली यावरून.

मूळ आकार १९१६ चा. हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण संस्थेतील फ्रीडरिश श्वेर्ड यांनी तो आखला. त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगासारखे जाड खुंट होते; कपाळावर जादा पोलादी ढाल अडकवायची ती त्यांच्यावर. १९३५ मध्ये आकार लहान झाला आणि खुंट गेले. हवा खेळण्याची छिद्रे राहिली, पण प्रत्येक छिद्रात वेगळी पोकळ रिवेट बसवलेली असे. कडा आत वळवून दुमडलेली, बोट फिरवले तर गुळगुळीत.

१९४० मध्ये ती वेगळी रिवेट गेली. छिद्राभोवतीचा उंचवटा आता त्याच पत्र्यातून दाबून काढला जाऊ लागला. एक सुटा भाग वाचला आणि तो बसवण्याचे कामही वाचले. कडा मात्र अजून दुमडलेलीच होती. १९४२ मध्ये तीही क्रिया गाळली: कड कापून किंचित बाहेर वळवलेली, धार उघडी. म्हणजे छिद्र आणि कड या दोन जागा पाहिल्या की नमुना कोणत्या वर्षाचा ते एका मिनिटात सांगता येते. युद्ध लांबले तसतसा कारखान्याने एकेक टप्पा सोडला. अंगठा फिरवून ते आजही जाणवते.

फसवणुकीच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. १९४२ च्या हेल्मेटचे १९३५ चे करायचे तर कठीण केलेल्या पोलादाची कड दुमडावी लागेल, आणि ती तडकण्याचीच शक्यता. शिवाय दाबून काढलेला उंचवटा कापून तिथे रिवेट बसवावी लागेल. चिन्ह चिकटवायला मात्र पाच मिनिटे पुरतात.

आतल्या बाजूला, डाव्या कानाजवळ, कारखान्याचा शिक्का आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो. थाले येथील कारखान्याची अक्षरे ‘ईटी’, एस्लिंगेनच्या क्विस्टचे ‘क्यू’. ६४ हा आकडा कवचाचे माप दाखवतो. डोके त्याहून लहान, ५६ किंवा ५७ सेंटीमीटर, कारण मध्ये अस्तर बसते. थालेचा शिक्का युद्धाच्या उत्तरार्धात ‘सीकेएल’ झाला. तो १९३५ च्या नमुन्यावर दिसला तर विक्रेत्याला खुलासा विचारा. अस्तर तीन पिनांनी बसवलेले असते. जुन्या पिना आणि त्यांच्याभोवतीचा रंग एकत्रच झिजलेला हवा.

आता चिन्ह. भूदलाच्या हेल्मेटवर डावीकडे गरुड आणि उजवीकडे काळा-पांढरा-लाल अशी तिरंगी ढाल असे. १९४० च्या आदेशाने ढाल बंद झाली, १९४३ मध्ये गरुडही. म्हणून उघड्या कडेच्या भूदलाच्या हेल्मेटवर ती ढाल दिसली तर कालक्रमच चुकला. सर्वाधिक भाव एसएसच्या चिन्हाला, त्यामुळे साध्या पायदळाच्या हेल्मेटवर तेच सर्वाधिक चिकटवले जाते. एक सोपी खूण: रंगावरचा ओरखडा चिन्हाच्या खालून सलग जात असेल, तर चिन्ह ओरखड्यानंतरचे. एका हत्यारी राजवटीच्या चिन्हाला सर्वांत जास्त पैसे मिळावेत हे मला खटकते, पण बाजार तसाच आहे.

जर्मन नसलेली पण तशीच दिसणारी हेल्मेटेही आहेत. हंगेरीच्या हेल्मेटला मागे चौकोनी धातूची कडी रिवेटने जोडलेली असते. स्पेनचे १९४२ चे हेल्मेटही लांबून फसवते.

या विषयाचा आपल्याशी संबंध आहे. आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उलट बाजूला, उत्तर आफ्रिकेत कैद झालेल्या भारतीय सैनिकांतून उभी राहिलेली ‘आझाद हिंद’ तुकडी जर्मन गणवेशात होती, बाहीवर झेपावणारा वाघ. त्यामुळे ‘आजोबांनी इटलीहून आणले’ किंवा ‘नेताजींच्या तुकडीचे’ अशी कहाणी जोडून हेल्मेट विकायला येऊ शकते. कहाणी खरीही असेल. पण मागे हंगेरीची कडी असेल, तर ‘जर्मन सैनिकाचे’ एवढे विधान तरी पडते. पैसे पत्र्याचे द्या, कहाणीचे नको.

गंजलेले हेल्मेट हाती आले तर घासूनपुसून चकचकीत करू नका. पुष्कळ सैनिक आतल्या कडेवर किंवा अस्तरावर स्वतःचे नाव रंगाने लिहीत. तारेचा ब्रश ते नाव कायमचे काढतो. पूर्व युरोपच्या जमिनीतून खोदून काढलेल्या हेल्मेटांबाबत तर अधिक जपायला हवे. त्यांच्याजवळ कधी कधी अस्थी असतात आणि सैनिकाचा अंडाकृती ओळखबिल्ला असतो. खणणारा हेल्मेट विकतो, बिल्ला दुसरीकडे जातो आणि तो माणूस बेवारस उरतो. जर्मन युद्धकबर संस्था आजही असे सांगाडे शोधून दफन करते. यशवंत घाडगे यांचीही कबर नाही; त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरले आहे, कबर माहीत नसलेल्या इतरांच्या नावांबरोबर.