जिभेचे व्यायाम कुणी शिकवायचे?

सुट्टीत सुरतेहून नातवंडे आली की सीमाभागातल्या घरात चार भाषा एकदम नांदू लागतात. आईशी मराठी, आज्जीशी कन्नड, आपापसात गुजराती आणि टीव्हीसमोर हिंदी. कौतुक ओसरले की आज्जीचे लक्ष नातवाच्या तोंडाकडे जाते. झोपेत तोंड उघडे, घोरणे मोठ्या माणसासारखे, घोट गिळताना जीभ दातांच्या बाहेर.

"डॉक्टरला दाखवलंस का गं?"

"हो आई. तिकडे एक जण जिभेचे व्यायाम घेतात. वर्षाचे पैसे एकदम भरायचे आहेत."

"ते डॉक्टर आहेत का?"

सून गप्प होते. आज्जीचा हा प्रश्न कापडाच्या धंद्यानिमित्त सुरतेत स्थिरावलेल्या आपल्या अनेक घरांनी विचारायला हवा.

या उपचाराला 'ओरोफेशियल मायोफंक्शनल थेरपी' म्हणतात. जीभ, ओठ, गाल यांच्या स्नायूंना वळण लावणारे हे व्यायाम आहेत. कल्पना जुनीच. अमेरिकेतले दंततज्ज्ञ आल्फ्रेड रॉजर्स यांनी चेहऱ्याचे स्नायू हीच दात सरळ करणारी जिवंत साधने आहेत, असे फार पूर्वीच मांडले होते. ब्राझीलमध्ये २००९ साली झोपेत श्वास अडकण्याचा मध्यम त्रास असलेल्या प्रौढांना तीन महिने असे व्यायाम दिले, तेव्हा त्यांचा त्रास कमी झाला. म्हणजे उपचार थोतांड नाही. तो देणारा कोण, आणि त्याची हद्द कुठवर, हा खरा मुद्दा आहे.

हद्द कुणाची?

ब्राझीलमध्ये वाचातज्ज्ञांच्या व्यवसायाला १९८१ च्या कायद्याने मान्यता आहे आणि हे काम त्यांच्या शाखेतच मोडते. आपल्याकडे या थेरपीची स्वतंत्र नोंदणी नाही. दंतवैद्य दंत परिषदेकडे नोंदलेला असतो. वाचातज्ज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. या नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद त्या कायद्यात आहे. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने नोंदणी मिळत नाही. नोंदलेल्या माणसाचे कौशल्य त्याने वाढते, एवढेच.

कामाची वाटणीही समजून घ्यावी. दात आणि जबड्याची ठेवण पाहणे दंतवैद्याचे काम. गिळणे आणि उच्चार वाचातज्ज्ञाचे. नाक, टॉन्सिल, नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ कान-नाक-घसा तज्ज्ञाने पाहायची. इथेच मोठी चूक होते. नाकच बंद असेल तर मूल तोंडानेच श्वास घेणार. त्याला 'तोंड मिट' म्हणून व्यायाम देणे, किंवा रात्री ओठांवर चिकटपट्टी लावायला सांगणे, हा अन्याय तर आहेच, धोकाही आहे. म्हणून आधी नाक, मग जीभ. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही ठिकाणी ही तपासणी होऊ शकते. वयाचाही विचार हवा. तान्ही बाळे जीभ पुढे काढूनच गिळतात. ही सवय पहिल्या काही वर्षांत हळूहळू बदलते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्यासाठी लगेच रोगी ठरवू नये.

बोली की बिघाड?

आता उच्चाराचे. सुरती बोलीत 'स'चा 'ह' होतो. 'सारु'चे 'हारु' होते, खुद्द सुरतेचे 'हुरत' होते. गल्लीत खेळणारे आपले मूल तेच उचलणार. लिंबायत, उधन्याकडे खानदेशी वस्ती मोठी आहे. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' होतो. घरात कन्नड असेल तर 'चाक'मधला 'च' मूल 'चार'मधल्या 'च'सारखा म्हणते, कारण कन्नडमध्ये तो दुसरा 'च' नाही. यातले काहीच जिभेचे दुखणे नव्हे. कन्नड घरांना हे सांगायला नकोच. जुन्या कन्नडमधले 'पालु' आज आपण 'हालु' म्हणतो, म्हणून कुणाची जीभ बिघडली असे नाही.

'स' म्हणताना जीभ दातांमधून बाहेर येत असेल तर ती गोष्ट वेगळी, ती तपासावी. पण हा फरक ओळखायला तज्ज्ञाने मुलाच्या घरची भाषा विचारली पाहिजे, त्या भाषेतले शब्द म्हणवून घेतले पाहिजेत. भाषा येत नसेल तर आई-आज्जीला सोबत बसवावे, नाहीतर ती जाणणाऱ्याकडे पाठवावे. "हे माझ्या हद्दीतले नाही" असे सांगणारा माणूस कमी शिकलेला नसतो. उलट त्याच्यावर विश्वास ठेवावा.

पैसे भरण्यापूर्वी

चार प्रश्न विचारा. तुमची नोंदणी कुठे आहे, क्रमांक काय? मुलाचे नाक-घसा कुणी तपासले? किती आठवड्यांनी फरक पाहायचा, आणि दिसला नाही तर कुणाकडे पाठवणार? जिभेखालची दोरी कापा म्हणत असाल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊ का? जो शेवटच्या प्रश्नाने रागावतो, तिथून उठावे. व्यायामाने दात सरळ, बोलणे स्वच्छ, अभ्यासात पहिला नंबर अशी सगळीच हमी देणाऱ्यापासूनही लांब राहावे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे-देणे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे, हेही ध्यानात असू द्या.

सुट्टीत गावी आलात तर आणखी एक वाट आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून हेच काम करते. तिथे कन्नड बोलणाऱ्या आज्जीला आपल्या नातवाबद्दल स्वतःच्या भाषेत सांगता येईल. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे मराठी चालते.

आणि सूनबाई, आज्जीच्या प्रश्नाने ओशाळू नका. तोच प्रश्न त्या व्यायाम घेणाऱ्यांना विचारा. खरा जाणकार असेल तर तो आधी आपला नोंदणी क्रमांक सांगेल, मग पैशांचे बोलेल.