दाबाखालील प्राणवायु

सोड्याची बाटली उघडतांच बुडबुडे कां उसळतात? दाबाखालीं वायु पाण्यांत विरघळून राहतो; दाब सरला कीं बाहेर पडतो. प्रस्तुत चिकित्सेचें मर्म या नित्याच्या अनुभवांतच आहे.

रक्तांतील प्राणवायु बहुतांशीं तांबड्या पेशी वाहतात, आणि त्या साध्या श्वासानेंच जवळजवळ भरलेल्या असतात. परंतु रक्ताच्या पातळ द्रवांत दाबाच्या प्रमाणांत अधिकाधिक प्राणवायु विरघळतो. दर शंभर मिलिलिटरमागें एरव्हीं तो अवघा ०.३ मिलिलिटर असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाखालीं निर्भेळ प्राणवायु घेतल्यास सुमारें ६ मिलिलिटर होतो. निवांत पडलेल्या माणसाची गरज एवढ्यावर भागते! ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद बूरेमा यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेलीं डुकरें दाबकक्षांत जिवंत राहिलीं.

तत्पूर्वीं उत्साहाचा अतिरेकही झाला होता. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें डॉ. कनिंगहॅम यांनीं १९२८ सालीं पांच मजली पोलादी गोलच उभारला, व दाबलेल्या साध्या हवेनें मधुमेह, कर्करोग बरे करण्याची आशा दाखविली. पुरावा कांहींच नव्हता. १९४२ सालीं तो गोल मोडीत निघाला.

आतां घरांतली गोष्ट. गॅसचा गीझर बंद स्नानगृहांत पेटला असतां कार्बन मोनॉक्साइड हा निर्गंध वायु सांचतो व तांबड्या पेशींना घट्ट चिकटतो. प्रथम दारें-खिडक्या उघडून रुग्णास बाहेर काढावें, हें सांगणें नलगे. रक्तांतील हें विष निम्में होण्यास साध्या हवेंत सुमारें पांच तास, निर्भेळ प्राणवायूनें ८० मिनिटें, आणि तिप्पट दाबाखालीं अवघीं २३ मिनिटें लागतात. पाणबुड्यांचा वायुविकार, वायुजन्य कोथ, किरणोपचारानें दुखावलेलीं हाडें यांवरही ही चिकित्सा योजतात.

वडीलधाऱ्यांच्या मधुमेही पायाची जखम चिघळली म्हणजे पाय वांचेल कीं कापावा लागेल, या चिंतेनें सारें घर ग्रासतें. अशा निवडक जखमांना हिचा उपयोग होतो. पण साखरेचा ताबा, जखमेची स्वच्छता, पायावरील भार काढणें व रक्तपुरवठ्याची तपासणी हीं आधीं. तीं सोडून कक्षांत निजल्यानें पाय वांचत नाहीं. रोज दीड-दोन तास, अशा वीस ते चाळीस बैठका लागतात. खर्चहि बेताचा नसतो.

स्वमग्नता, कर्करोग, मधुमेह बरे करण्याच्या जाहिरातींविरुद्ध अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१३ सालीं लोकांस सावध केलें. जाहिरातवाल्यांची जात मात्र क्लीव्हलंडच्या गोलाइतकी सहज मोडीत निघत नाहीं!

धोकेही आहेत. कानाचे पडदे दुखावतात, क्वचित् झटके येतात; फुप्फुसाबाहेर हवा सांचलेल्या रुग्णास तर उपचाराविना आंत नेतच नाहींत. आगीचें भय सर्वांत मोठें: १९९७ सालीं मिलान येथें अशा कक्षांत अकरा जण दगावले. म्हणून आंत जातांना सुती वस्त्रेंच नेसवितात, आणि केसांना तेल लावलेलें असल्यास तें आधीं धुऊन यावें लागतें.