दिवाळीच्या किल्ल्यासाठी हलके दगड



गेल्या दिवाळीत आपल्या वर्गाच्या किल्ल्याचे काय झाले, ते सर्वांना आठवत असेलच. आम्ही हौसेने माती आणली, विटा आणल्या, बागेतले दगड आणले. हॉल आपल्याकडे तीनच तास होता. किल्ला उभा करण्यात दोन तास गेले आणि उरलेला तास तो उचलून फरशी पुसण्यात गेला. त्यात एका छोट्या मावळ्याच्या पायावर तटाची वीट पडली आणि बिचाऱ्याचे नख काळेनिळे झाले. अंगणात किल्ला करावा, तर इथला पाऊस एका रात्रीत बुरूज वाहून नेतो. म्हणून यंदा आम्ही ठरवले आहे की किल्ला करायचाच, पण दगड कागदाचे!

"खोटे दगड? मग तो कसला किल्ला?" असे काही मुलांनी विचारले. त्यांना एक गोष्ट सांगतो. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर स्केलिग मायकल नावाचे बेट आहे. तिथे ख्रिस्ती साधूंनी चुना-माती न वापरता, नुसते दगडावर दगड रचून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कुट्या बांधल्या. हजार वर्षांहून जास्त काळ त्या उभ्या आहेत. 1996 साली हे बेट जागतिक वारसा ठरले. 'स्टार वॉर्स'च्या 2017 साली आलेल्या चित्रपटात या कुट्या दिसतात, पण त्यांतल्या कितीतरी दृश्यांत खऱ्या कुट्या नाहीतच. 2016 साली डिंगलजवळ सिबिल हेडवर त्यांची हुबेहूब नक्कल उभारून चित्रीकरण केले आणि नंतर ती नक्कल काढून टाकली. त्या चित्रीकरणात खऱ्या दगडांना धक्का लागला नाही. आपला रायगडही 2025 साली इतर 11 मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. असे दगड जागेवरच राहावेत. इथल्या जुन्या भिंतींचे किंवा समुद्रकाठचे दगडही आपण किल्ल्यासाठी उचलून आणू नयेत.

आता वजनाचा हिशेब करू. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. एक लिटर दुधाच्या खोक्याएवढ्या बेसाल्टचे वजन जवळजवळ 3 किलो भरते. कॉर्नफ्लेक्सचा मोठा खोका साधारण 4 लिटरचा असतो. तेवढा खरा दगड 12 किलोच्या आसपास जाईल. आपला कागदी दगड मात्र पाव किलोच्या आसपास राहतो. तो कोणाच्या पायावर पडला तर हसू येईल, रडू नाही.

साहित्य : कॉर्नफ्लेक्सचे रिकामे खोके, जुनी वर्तमानपत्रे, अंड्यांचे कागदी ट्रे, मैदा, मीठ, वापरून वाळवलेली चहाची पूड, मास्किंग टेप, पाण्यात मिसळणारे रंग, स्पंजचे तुकडे आणि एक जुना ब्रश. विकत आणायचे ते फक्त टेप आणि रंग.

खळ : एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. चार वाट्या उकळत्या पाण्यात तो ओता आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटे ढवळा. खाली उतरवून चमचाभर मीठ घाला. मिठामुळे बुरशी लवकर धरत नाही. (हे काम आईबाबांनी करावे.)

चिरा, म्हणजे तटाचा घडीव दगड : खोक्याचे सांधे सोडवून तो उलटा करा, म्हणजे छापील गुळगुळीत बाजू आत जाईल. त्या बाजूला खळ नीट चिकटत नाही. आत चुरगळलेले कागद ठासून भरा, नाहीतर खोका मधे दबतो. टेपने बंद करून वर कागदाच्या पट्ट्यांचा एक थर खळीने चिकटवा.

धोंडा : वर्तमानपत्र चुरगळून त्याला टेप गुंडाळा. इथे बहुतेकांची चूक होते. दगड लाडवासारखा गोल होतो! फुटलेल्या दगडाला पैलू असतात. म्हणून तो तळहाताने चारी बाजूंनी दाबा, एखादा कोपरा टोकदार ठेवा. मग पट्ट्यांचे तीन थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. आयर्लंडच्या दमट हवेत ही घाई करून चालत नाही, कारण आत ओल राहिली की वास येतो. घरातल्या हॉट प्रेसमध्ये एक दिवस ठेवला की एक थर छान वाळतो.

शेवटच्या ओल्या थरावर चहाची पूड भुरभुरवा, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होईल.

रंग : एकच करडा रंग फासला तर दगड खोक्यासारखाच दिसतो. खऱ्या दगडाच्या खाचांत सावली असते आणि कडांवर उजेड. आपल्या दगडाच्या खाचा उथळ आहेत आणि हॉलच्या दिव्यांचा उजेड सगळीकडे सारखा पडतो. म्हणून ही सावली आपणच रंगवायची. आधी काळ्यात थोडा निळा व तपकिरी मिसळून सगळा दगड रंगवा, खाचांसकट. तो वाळला की स्पंजने मध्यम करडा रंग टिपा, पण खाचा काळ्याच ठेवा. शेवटी ब्रशला फिकट करडा रंग लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त कडांवरून फिरवा.

रंग कोणता, हे किल्ला कुठला त्यावर ठरते. रायगडाला काळा बेसाल्ट. तो प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अँट्रिमच्या जायंट्स कॉजवेला जा. तिथले सुमारे 40,000 खांबही बेसाल्टचेच, आणि सह्याद्रीसारखेच लाव्हारसातून झालेले. कोकणातला जांभा हवा असेल तर विटकरी रंग घ्या आणि अंड्यांच्या ट्रेचे तुकडे लावून छिद्रे दाखवा. क्लेअरमधल्या बरेनचा चुनखडीचा दगड मात्र फिकट करडा असतो.

रचताना खालच्या दोन चिऱ्यांचा सांधा वरच्या चिऱ्याच्या मधोमध यावा. मागून टेप लावा. दोन मीटर लांब आणि मुलांच्या कमरेएवढ्या तटाला साधारण 35 खोके लागतील.

पालकांना दोन सूचना. थर्माकोल आणू नका. त्याचे कण हॉलभर उडतात आणि गरम तारेने कापताना निघणारा धूर वाईट. महाराष्ट्रातही 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. दुसरी सूचना जास्त महत्त्वाची : हे दगड कागदाचे आहेत. किल्ल्याजवळ पणती किंवा मेणबत्ती लावायची नाही, बॅटरीचे दिवे चालतील.

दिवाळी झाल्यावर दगड कोरड्या माळ्यावर ठेवले की 19 फेब्रुवारीला शिवजयंतीलाही उपयोगी पडतील.

तर मुलांनो, पुढच्या शनिवारी प्रत्येकाने दोन खोके आणावेत. कॉर्नफ्लेक्स मात्र आधी खाऊन संपवा!