धातुशोधकाला परवानगी कशासाठी?

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरजवळ, असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांत रात्रीच्या वेळी गर्दी होऊ लागल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या. लोकांच्या हातांत टॉर्च होते, खणायची अवजारे होती आणि काहींच्या हातांत चक्क धातुशोधक यंत्रे (मेटल डिटेक्टर) होती. 'छावा' हा हिंदी चित्रपट फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता. त्यात बऱ्हाणपूर हे मोगलांचे संपन्न ठाणे म्हणून येते. त्यात भर पडली ती शेतात सोन्याची नाणी सापडत असल्याच्या अफवेची. बघता बघता शेते खड्ड्यांनी भरून गेली.

कोणाला काय मिळाले हा मुद्दा आपण बाजूला ठेवू. वर्गात हा विषय निघाला तर एखादा चौकस विद्यार्थी वेगळाच प्रश्न विचारील. धातुशोधक बाजारात विकत मिळतो. गायरान, नदीचे पात्र, किल्ल्याची माची या तर सगळ्यांच्या जागा. मग तेथे यंत्र घेऊन फिरायला आणि सापडेल ते उचलायला परवानगी कशाला हवी? 'चोरी होऊ नये म्हणून' हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. खरे उत्तर समजण्यासाठी आधी हे यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, ते पाहू.

यंत्र काय ऐकते?

धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून दर सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे वेटोळ्याभोवती सतत बदलणारे चुंबकक्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की फॅरेडेच्या नियमानुसार त्या तुकड्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक दुबळे चुंबकक्षेत्र असते, आणि ते दुसऱ्या वेटोळ्याने टिपले की कानातल्या हेडफोनमध्ये आवाज येतो. भोवरी प्रवाह वर्गात दाखवायचे असतील तर तांब्याच्या नळीतून एक लहान पण जोरदार चुंबक सोडावा. तांबे चुंबकाला चिकटत नाही, तरीही चुंबक नळीतून रेंगाळत खाली येतो. मुलांना हे पाहून मोठी गंमत वाटते.

ही कल्पना जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने असेच उपकरण वापरून पाहिले होते. ते अपयशी ठरले. खाटेतील लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ घातला असावा, असे मानतात.

येणाऱ्या संकेताचे वेळेतील मागेपण मोजून धातूच्या प्रकाराचा थोडाफार अंदाज बांधता येतो. 'थोडाफार' असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांत हे यंत्र सहज फसते. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये आणि त्यापासून बनलेल्या मातीत मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे कित्येकदा नुसती जमीनच 'बोलते'.

खोलीचे गणित तर आणखी कडक आहे. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे झाले, की चुंबकक्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते. परत येणाऱ्या संकेताचेही तसेच होते. म्हणजे खोली दुप्पट झाली की जाताना आठपट आणि येताना आठपट, मिळून ६४ पट घट! म्हणूनच नेहमीच्या यंत्राला एखादे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. नांगराचा फाळही साधारण तेवढाच खोल जातो. हा योगायोग लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

थोडक्यात, 'येथे काहीतरी धातू आहे' एवढेच यंत्र सांगते. तो कोणत्या थरात आहे, शेजारी राख आहे की खापर, की कुजलेल्या पेटीचा डाग, हे त्याला ऐकू येत नाही. ते कळायला माती हळूहळू, थराथराने काढावी लागते. घाईने पाडलेल्या खड्ड्यातून नाणे हाती येते, पण ही सगळी माहिती कायमची जाते. धातूंचे पृथक्करण करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे एखादी वस्तू आली, की तिच्या वजनाआधी आम्ही विचारतो, 'सापडली कुठे, आणि कशाबरोबर?' बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

दायमाबादचा रथ

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथील एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. दोन बैल जोडलेला आणि माणूस हाकत असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक! भारतीय पुरातत्त्वाच्या पुस्तकांत हा रथ हमखास असतो.

पण या मूर्तींचा काळ कोणता? दायमाबादला सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक आहेत. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या उत्खननकर्त्यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून या मूर्ती उत्तर-हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखविले. मूर्तींत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असे मिश्रण आढळलेले नाही. तेव्हा त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतील, असे त्यांचे मत पडले. म्हणजे मतभेद थोड्याथोडक्या वर्षांचा नाही, हजारांहून अधिक वर्षांचा आहे.

येथे त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. झुडूप खणताना कोणी मातीचे थर तपासत बसत नाही. पण त्या मूर्ती जागच्या जागी असताना कोणी जाणकाराने पाहिल्या असत्या, तर हा वाद बहुधा उद्भवलाच नसता. एवढे पृथक्करण करूनही प्रयोगशाळेला जे निश्चित सांगता आले नाही, ते दोन-चार वितींच्या मातीने सांगितले असते. यंत्र घेऊन मुद्दाम शोधणारा जेव्हा शेकडो खड्डे पाडतो, तेव्हा अशी किती उत्तरे पुसली जात असतील याची कल्पना करावी.

इंग्लंडमधील व्यवस्था

धातुशोधनाचा छंद ज्या देशांत सर्वाधिक फोफावला त्यांत इंग्लंड आघाडीवर आहे, म्हणून तेथील नियम पाहण्यासारखे आहेत. पहिली गोष्ट म्हणजे 'सार्वजनिक' जमीन ही बिनमालकीची जमीन नव्हे. बाग नगरपालिकेची असते, समुद्रकाठ राजसत्तेच्या मालमत्तेचा किंवा आणखी कोणाचा असतो. मालकाच्या परवानगीविना शोध घेता येत नाही, आणि उचललेली वस्तू चोरीची ठरू शकते. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठावर तर यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी जुन्या वस्तू शोधायच्या असल्या तरी बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. संरक्षित स्मारकांच्या जागी १९७९ च्या कायद्याने बंदी आणखी कडक आहे. लेखी संमतीशिवाय तेथे धातुशोधक वापरणे हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो.

सापडलेल्या वस्तूंसाठी १९९६ चा निधी कायदा आहे. तो १९९७ पासून लागू झाला. ३०० वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू सापडली तर १४ दिवसांत 'कॉरोनर' या अधिकाऱ्याला कळवावे लागते. संग्रहालयाला ती वस्तू हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभावाने किंमत ठरविते, आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. न कळविल्यास तुरुंगवास होऊ शकतो.

कायद्याबरोबरच १९९७ मध्ये एक साधी पण मोलाची योजना सुरू झाली. ठिकठिकाणी नोंद अधिकारी नेमले गेले. निधीच्या व्याख्येत न बसणारी वस्तूही त्यांच्याकडे न्यावी, त्यांनी ती मोजावी, छायाचित्र घ्यावे, जागा नकाशावर नोंदवावी आणि वस्तू परत द्यावी. अशा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आज झालेली आहे. नांगरलेल्या शेतातच आणि नांगराच्या खोलीपर्यंतच खणावे, त्याखाली काही लागले तर थांबावे, असा संकेतही छांदिष्टांसाठी आहे. यंत्राची वीत आणि नांगराची वीत यांचा मेळ येथे बसतो. वरची माती नांगराने आधीच ढवळलेली असते, तीतून वस्तू काढल्याने फारसे बिघडत नाही. खालचे थर मात्र शाबूत राहतात.

या व्यवस्थेचा कस २०१५ मध्ये लागला. त्या वर्षी ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनजवळ एका छांदिष्टाला व्हायकिंग काळातील चांदीचा साठा लागला. त्याने खणणे थांबवून अधिकाऱ्याला बोलावले. साठा मातीच्या ढेपेसकट उचलून प्रयोगशाळेत नेण्यात आला आणि तेथे एकेक नाणे सुटे केले गेले. त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये दोघांना तशाच काळातील, सुमारे ३०० नाण्यांचा असावा असा साठा सापडला. त्यांनी तो लपवून विकायला काढला. त्यांतली तीसेक नाणीच हाती लागली, आणि २०१९ मध्ये त्यांना दीर्घ मुदतीच्या कारावासाच्या शिक्षा झाल्या.

दोन्ही साठ्यांत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांची एकाच धर्तीची नाणी आहेत. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या बखरीत केओलवुल्फ हा व्हायकिंगांच्या हातचे बाहुले म्हणून रंगविलेला आहे. नाणी मात्र सांगतात की दोघे बरोबरीचे मित्रराजे होते. बखरीची साक्ष नाण्यांनी खोडून काढावी हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोमांचक वाटेल. हेरफर्डच्या हरवलेल्या अडीचशेहून अधिक नाण्यांनी त्यात काय भर घातली असती, हे आता कोणी सांगू शकत नाही.

इंग्लंडची व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र नाही. २०१० मध्ये कंब्रिया परगण्यात क्रॉस्बी गॅरेट येथे मुखवटा जोडलेले एक अप्रतिम रोमन शिरस्त्राण सापडले. ते तांब्याच्या मिश्रधातूचे, आणि एकटेच! सोने-चांदी नाही म्हणून 'निधी' नाही. लिलावात ते सुमारे २३ लाख पौंडांना खासगी हातांत गेले. कायद्यातील ही फट बुजायला २०२३ उजाडावे लागले. आता २०० वर्षांहून जुनी, अपवादात्मक महत्त्वाची धातूची वस्तू निधी ठरू शकते, धातू कोणताही असो. सगळेच देश इतके उदारही नाहीत. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी लेखी संमतीशिवाय धातुशोधक वापरताच येत नाही, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तो वापरायच्या तयारीत बाळगणेही मना आहे.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडील मुख्य कायदा १८७८ चा आहे. हा भारतीय निखात निधी कायदा म्हणतो की, जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली की तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावी, आणि ती सरकारी कोषागारात जमा करावी किंवा तिच्यासाठी जामीन द्यावा. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकानेही हक्क सांगितला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. सरकारला तो स्वतःकडे घ्यायचा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.

दहा रुपये हे १८७८ चे आहेत, हे सोडून देऊ. पण 'धातूची किंमत' हे शब्द पाहा! सातवाहनांचे शिशाचे नाणे या हिशेबाने कवडीमोलाचे ठरते. असे नाणे सापडलेला शेतकरी तहसील कचेरीचे हेलपाटे घालण्यापेक्षा भंगारवाल्याची वाट धरील, तर त्याला एकट्याला दोष कसा द्यावा? आमच्या मते आपल्याकडील खरी उणीव शिक्षेची नाही, वस्तू विश्वासाने दाखवावी असा माणूस गावाजवळ नसण्याची आहे.

बाकीचे कायदे नवे आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित क्षेत्रात खुद्द जमीनमालकालाही परवानगीविना खणता येत नाही. राज्य-संरक्षित स्थळांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. किल्ल्यावर सहलीला जाताना गंमत म्हणूनही यंत्र नेऊ नये, हे यावरून ओघानेच येते.

शाळेच्या आवारात पाण्याच्या टाकीसाठी किंवा वृक्षारोपणासाठी खणताना काही लागले, तर काम तेवढ्या जागी थांबवावे. वस्तू घासूपुसू नये. चिंच किंवा लिंबू लावून तांब्याचे नाणे चकचकीत करण्याचा मोह मुलांना फार होतो. त्या हिरव्या पुटाबरोबर अक्षरेही जातात. वस्तू जागेवर असतानाच शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र काढावे. गट क्रमांक, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर, पृष्ठभागापासूनची खोली, मातीचा रंग आणि बरोबर सापडलेली खापरे, हाडे, कोळसा यांची नोंद वहीत तारखेसह करावी. मग तलाठी किंवा तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पाठवावी. खापरे आणि कोळसाही टाकून देऊ नयेत. कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येते, नाण्याचे येत नाही.