आवाजाचे चित्र

मुलांनो, तुम्ही मुशायरा ऐकला असेल. शायर शेर म्हणतो आणि श्रोते 'वाह वा!' म्हणून दाद देतात. दाद मिळाली नाही तर मुशायरा रंगत नाही. म्हणजे तेथे श्रोत्यांचा आवाजही कलेचाच भाग असतो. आता कल्पना करा, तुम्ही एका पडद्यासमोर उभे राहून बोललात आणि तुमच्या बोलण्यातूनच चित्र तयार झाले तर?

असे खरोखर घडले आहे. २००२ साली ऑस्ट्रिया देशातील लिंझ शहरात गोलान लेव्हिन आणि झॅकरी लिबरमन या दोन कलावंतांनी 'रीमार्क' नावाची कलाकृती सादर केली. तिच्यात माइकपुढे बोलले, की पडद्यावरील बोलणाऱ्याच्या सावलीच्या डोक्यातून अक्षरे बाहेर पडत.

हे कसे घडते? आपण बोलतो तेव्हा हवेत लहरी निर्माण होतात. माइक त्या लहरींचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो. संगणक त्या संदेशाचे अगदी छोटे छोटे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात उंच स्वर किती, खालचे स्वर किती, हे तो मोजतो. मग आपल्याजवळच्या नमुन्यांशी ते ताडून पाहतो. जुळले, की 'हा आ', 'हा ई' असे तो ठरवतो.

पण हे काम सोपे नाही. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार झाले. त्याला शून्य ते नऊ एवढेच अंक ओळखता येत. तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवलेले असे, त्याच्याच तोंडचे! आजची यंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत. तरीही ज्या तऱ्हेचे बोलणे त्यांनी फारसे ऐकलेले नसते, तेथे ती चुकतात.

आपलेही असेच होते ना? 'वेल' आणि 'वेळ' यांतील फरक मराठी नव्याने शिकणाऱ्याच्या कानाला चटकन कळत नाही. उर्दूतील 'काफ' आणि 'क़ाफ' यांतील फरक उर्दू न जाणणाऱ्याला कळत नाही. मग उच्चार चुकला, की वर्गात हसू होते आणि बोलणारा गप्प बसतो.

'रीमार्क'मध्ये मात्र तसे होत नसे. एखादा ध्वनी यंत्राला ओळखता आला नाही, तर त्या ध्वनीच्या गुणाप्रमाणे पडद्यावर एक नवा आकार उमटे. अनोळखी आवाज वाया जात नसे. त्याचेही चित्र होई.

मुलांनो, यंत्राला जे साधले ते आपल्याला का साधू नये? कोणी अडखळत बोलला तर हसू नका. त्याचे बोलणे पूर्ण ऐका. आणि तुम्ही स्वतः, 'ळ' नीट येत नाही म्हणून मराठी बोलणे सोडू नका.