‘माझ्यावर खर्च करू नका’



गळिताची धांदल आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. इकडे आपण तोडीच्या काळजीत, तिकडे पुण्या-कोल्हापुरात खोली घेऊन राहिलेलं पोर. रात्री फोन होतो. पेपर कसा गेला, पैसे पोचले का, झालं! झोप लागते का, हे विचारायचं राहून जातं.

सन २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारदरबारी नोंद आहे, आणि त्यात आपल्या राज्याचा आकडा सर्वांत मोठा. एका नापाशीनं एवढं होतं असं आम्हांस वाटत नाही. थकलेली फी, घरापासूनचा तुटलेपणा, मनाचा आजार, सगळं एकावर एक साचत जातं.

पोर फोन टाळू लागतं, सुट्टीलाही येत नाही, जीव लावलेल्या वस्तू वाटून टाकतं. आणखी एक बोलणं आहे, ‘माझ्यावर आता खर्च करू नका.’ उसाचं बिल लांबलेल्या घरात हे ऐकून आईबापांचा ऊर भरून येतो, पोरगं किती समजूतदार! पण बाकीची लक्षणंही दिसत असतील तर ते पोर स्वतःला घरावरचं ओझं समजू लागलंय, असं धरून चालावं. तेव्हा आपल्या कष्टांचा पाढा वाचू नये. शेजारी बसून सरळ विचारावं, ‘बाळा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तसलं खूळ डोक्यात शिरतं ही समजूत खोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर पोराला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं कुलपात घालावीत आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. पोलिसांच्या भीतीनं लपवालपवी नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार देणं सरकारचं काम ठरवलंय.

१४४१६ या नंबरावर ‘टेली-मानस’ची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आईबापांनीही करावा.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. तेव्हा प्राचार्यांना ‘तुमच्याकडे कोण आहे?’ असं विचारायला लाजू नका. पैशाचीच नड असेल तर फीचे हप्ते, ‘कमवा व शिका’ आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांची चौकशी त्याच फेरीत करावी.

प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर तोडीच्या यादीशेजारी १४४१६ हा नंबर ठळक लिहून ठेवण्यास चिटबॉयना कळविले आहे.